गाठ वेगळी, दुखणं वेगळं

पत्राचा गोषवारा: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून सत्तावीस वर्षांच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. घरचं तीन एकर कोरडवाहू वावर, शिवाय निंदण-वेचणीची रोजी, पदरी चार वर्षांची मुलगी. होळीच्या सुमारास आंघोळ करताना त्यांच्या हाताला उजव्या स्तनात बोराएवढी गाठ लागली. ती दुखत नाही, बोट लावलं की सरकते. पाळीच्या आठवडाभर आधी मात्र दोन्ही स्तन जड होतात, काखेपर्यंत ठणकतात, पाण्याची गुंडी उचलवत नाही. पाळी आली की दोन दिवसांत सगळं थांबतं. पोळ्याच्या आधी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी सोनोग्राफीला पाठवलं. रिपोर्टात ‘फायब्रोॲडिनोमा, १८ बाय ११ मिलिमीटर, बायरॅड्स ३’ असं आलं. डॉक्टर म्हणाले, साधी गाठ दिसते, सहा महिन्यांनी परत या, गरज वाटली तर सुईची तपासणी करू. मग जावेच्या ओळखीने त्या आठवडी बाजारात बसणाऱ्या एका वैद्यांकडे गेल्या. वैद्यांनी तीन महिन्यांत गाठ विरघळवून देतो म्हटलं, महिन्याला दीड हजाराच्या पुड्या दिल्या आणि बजावलं की सुई टोचू देऊ नका, गाठ पसरेल, कॅन्सर होईल. ताई लिहितात: “सरकारी दवाखान्यात औषधच नाही देल्लं. इथं औषध भेटते तर पैसे नाही. दुखणं दर महिन्याला आहेच. सासूबाई दुसऱ्या लेकराचं म्हणून राहिल्या. मी कोणाचं ऐकू?”

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात. गाठ दुखत नाही, आणि जे दुखतं ते पाळी आली की थांबतं. यावरून दिसतं ते असं, की तुमच्याकडे दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. घरात आणि बाजारात मात्र त्या एकच धरल्या गेल्या. गाठ आहे म्हणून दुखतं, गाठ गेली की दुखणं जाईल, असा हिशेब मांडला गेला. तो हिशेब बहुतेक चुकीचा आहे आणि त्यापायीच महिन्याचे दीड हजार जात आहेत.

मी स्वतः आयुर्वेदाची वैद्य आहे, वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दवाखाना चालवते. म्हणून पुढचं सगळं आयुर्वेदावर राग धरून लिहिलेलं नाही, एवढं ध्यानात ठेवा. उलट, तुमच्या प्रश्नात आयुर्वेदाची जागा कुठे आहे आणि कुठे नाही, हे मला नीट सांगायचं आहे.

आधी दुखण्याचं. पाळीच्या चक्रात दर महिन्याला शरीर गर्भाची तयारी करतं. त्या तयारीत स्तनातल्या दुधाच्या ग्रंथी संप्रेरकांमुळे, म्हणजे हार्मोन्समुळे, फुगतात, तिथे पाणी धरलं जातं, ऊतक ताणलं जातं. म्हणून शेवटच्या आठ-दहा दिवसांत दोन्ही बाजूंना, बहुतेक करून वरच्या बाहेरच्या भागात, काखेच्या दिशेने ठणका लागतो. गर्भ राहिला नाही की संप्रेरकं उतरतात, पाळी येते आणि ताण जातो. तुम्ही लिहिलेलं दुखणं याच साच्यात बसतं. हे कॅन्सरचं लक्षण नाही आणि गाठीमुळेही नाही. गाठ उद्या काढून टाकली तरी पुढच्या महिन्यात छाती जड होईलच. हे मी तुम्हाला निराश करायला सांगत नाही. दुखण्यावर वेगळे, स्वस्त आणि बरेचसे घरातलेच उपाय आहेत. त्यांच्याकडे येतेच.

आता गाठ. फायब्रोॲडिनोमा ही पंधरा ते पस्तीस या वयात सर्रास आढळणारी, कॅन्सर नसलेली गाठ आहे. गुळगुळीत, रबरासारखी, बोटाखालून निसटणारी. बायरॅड्स हा सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी चित्र पाहून दिलेला दर्जा असतो. त्यातल्या ३ चा अर्थ ‘जवळपास नक्की साधी, पण लक्ष ठेवा’. अशा गाठीत कॅन्सर निघण्याची शक्यता शंभरात दोनपेक्षा जास्त धरत नाहीत. लक्ष ठेवायचं म्हणजे सहा महिन्यांनी, मग वर्षाने, मग दोन वर्षांनी तीच सोनोग्राफी करून मापं ताडून पाहायची. दोन वर्षं गाठ जशीच्या तशी राहिली तर तिची फाइल बंद करायला हरकत नसते.

म्हणून ‘औषधच दिलं नाही’ याचा अर्थ तुम्ही लावलात तसा नाही. डॉक्टरांनी तुम्हाला टाळलं नाही. औषधाची गरज नसलेल्या गाठीला औषध न देणं हाच योग्य उपचार होता. चूक एवढीच झाली की हे सगळं त्यांनी तुम्हाला बसवून सांगितलं नाही. बाहेर रांग मोठी असते हे मला कळतं. पण अंगात गाठ घेऊन एसटीने घरी परतणाऱ्या बाईला दोन मिनिटं समजावून सांगणं हाही उपचाराचाच भाग आहे. तो न झाल्यानेच आपल्याकडच्या कितीतरी बाया दुसऱ्या दारात जाऊन उभ्या राहतात. तुमचा यात काही दोष नाही.

सुईची भीती मात्र मनातून काढून टाका. बारीक सुईच्या तपासणीत इंजेक्शनसारख्या सुईने गाठीतल्या थोड्या पेशी ओढून घेतात. दुसऱ्या प्रकारात जागा बधिर करून जरा जाड सुईने तांदळाच्या दाण्याएवढे बारीक तुकडे घेतात. दोन्हीला भरती व्हावं लागत नाही, थोडं काळंनिळं पडलं तर आठवड्यात जातं. सुईने साध्या गाठीचा कॅन्सर होत नाही. आणि गाठ कॅन्सरची असलीच, तरी सुईमुळे रोगी लवकर दगावतो असंही नाही; उलट कोणता उपचार द्यायचा ते सुईशिवाय ठरवताच येत नाही. ‘सुई लावली आणि बाई गेली’ अशा ज्या गोष्टी गावात ऐकू येतात, त्यांत बाई सुईपर्यंत फार उशिरा पोचलेली असते. तुमच्या गाठीला सुई लागेलच असं नाही. पण सहा महिने भरतील तेव्हा, म्हणजे फेब्रुवारीत, डॉक्टरांनी सुचवलं तर पाय मागे घेऊ नका.

आता पुड्या. तीन महिन्यांत गाठ विरघळली, असं सांगणाऱ्या बाया तुम्हाला भेटतील आणि त्या खोटं बोलत नसतात. काही गाठी पाण्याच्या असतात, त्या पाळीच्या चक्राबरोबर येतात-जातात. पाळीच्या आधी कितीतरी जणींची छाती हाताला गाठीगाठीची लागते आणि पाळीनंतर मऊ होते. काही फायब्रोॲडिनोमाही आपोआप लहान होतात. त्या काळात जे काही खाल्लं असेल, पुडी, अंगारा, लिंबाचा रस, श्रेय त्याला जातं. आधीचं माप आणि नंतरचं माप, दोन्ही कागदावर असल्याशिवाय औषधाने काय केलं हे कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. तुमच्याकडे आधीचं माप आहे, हे तुमचं भाग्य.

त्या वैद्यांना पुढच्या बाजारी सरळ विचारा. नोंदणी कुठली? महाराष्ट्रात आयुर्वेदाच्या वैद्याची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते आणि तो क्रमांक लपवायचं काही कारण नसतं. पुडीत काय आहे? वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेल्या, नाव-गाव नसलेल्या पुडीत नीट न बनवलेलं भस्म असू शकतं, त्यातून पारा किंवा शिसं पोटात जातं. स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, त्याने दुखणं झटक्यात थांबतं पण चेहरा सुजतो, वजन आणि साखर वाढते. औषधाच्या डबीवर घटक, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक आणि मुदत हवीच. आणि एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते: कॅन्सर किंवा शरीरातल्या गाठी बऱ्या करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. ‘हमखास विरघळवतो’ असं पत्रक कुणी वाटत असेल तर तिथून उठून यावं. उरलेल्या पुड्या फेकू नका. एक तरी जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. तोवर त्या घेणं थांबवा.

आपल्या भागात आणखी एक प्रकार चालतो, त्यावर मला कळकळीने सांगायचं आहे. गाठीवर बिब्बा लावणं, चुन्याचा लेप थापणं, तापलेल्या लोखंडाने डागणं. बिब्ब्याच्या तेलाने कातडी अक्षरशः भाजते, फोड येतात, पाणी सुटतं, पू होतो. स्तनाच्या कातडीवर हे केल्यावर खाली गाठ काय करते आहे ते ना हाताला कळत, ना सोनोग्राफीत नीट दिसत. गाठ तिथेच राहते आणि वर जखम होते. कुणी कितीही खात्रीने सांगितलं तरी हे करू देऊ नका.

मग आयुर्वेद काय सांगतो? सुश्रुत संहितेत, निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात, ग्रंथी (साधी गाठ) आणि अर्बुद (मूळ धरून वाढणारी गाठ) यांचं वर्णन शेजारी-शेजारी आहे. अर्बुदाबद्दल तिथे म्हटलं आहे की ते मोठं असतं, पक्कं बसलेलं असतं, खोल मूळ धरतं, सावकाश वाढतं, पिकत नाही, आणि ते फारसं दुखत नाही. मी हे मुद्दाम सांगते आहे, कारण ‘दुखत नाही ना, मग काही नाही’ असं म्हणणाऱ्या बाया मला आठवड्याला भेटतात. न दुखणं ही खात्री नव्हे, हे आपल्या आचार्यांनी केव्हाच लिहून ठेवलं. तुमच्या गाठीबद्दल दिलासा वाटतो तो ती दुखत नाही म्हणून नव्हे. तिची सोनोग्राफी झाली आहे, म्हणून. आणि चिकित्सास्थानात हेच सुश्रुत सांगतात की औषधाने न शमणारी, मर्मस्थानी नसलेली गाठ शस्त्राने काढावी. चाकू-सुई म्हणजे ॲलोपॅथी आणि पुडी म्हणजे आयुर्वेद, ही वाटणी आपण केली आहे, शास्त्राने नाही.

गाठीवरचं सगळ्यात प्रसिद्ध औषध म्हणजे कांचनार गुग्गुळ. शार्ङ्गधर संहितेतला पाठ आहे: कांचनाराची साल, त्रिफळा, त्रिकटू, वरुण, वेलची-दालचिनी-तमालपत्र आणि या सगळ्याच्या बरोबरीने गुग्गुळ. मी ते माझ्या दवाखान्यात देते, पण कुणाला आणि काय सांगून, ते महत्त्वाचं आहे. सोनोग्राफी झालेली, गाठ साधी ठरलेली, गर्भाचा विचार नसलेली बाई असेल तर देते. याने गाठ जाईल असं वचन देत नाही, कारण तसं ठामपणे दाखवणारे मोठे, नीट बांधलेले अभ्यास झालेले नाहीत. काहींना जडपणा कमी झाल्यासारखा वाटतो, काहींना काहीच फरक पडत नाही. गुग्गुळाने काहींचं पोट बिघडतं, अंगावर पुरळ येतो, पाळीत जास्त जातं. थायरॉइडची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नये. गरोदरपणी अजिबात नाही. म्हणजे मेडिकलमधून स्वतःच डबी आणून सुरू करायचं हे औषध नव्हे. तुमच्या घरी दुसऱ्या बाळाचा विषय निघाला आहे, म्हणून तुम्हाला तर मी ते आत्ता देणारच नाही.

आयुर्वेदाचा तुम्हाला खरा उपयोग होईल तो दर महिन्याच्या ठणक्यासाठी, आणि तोही गोळीपेक्षा दिनचर्येत जास्त.

सगळ्यात आधी दोन महिने दुखण्याची नोंद ठेवा. घरात भिंतीवर कॅलेंडर असेलच. रोज झोपताना त्या दिवसाच्या चौकटीत शून्य ते दहा यांपैकी एक आकडा टाका: दुखलंच नाही तर शून्य, हात उचलवला नाही तर दहा. पाळीचे दिवस लाल पेनने गोल करा. दोन महिन्यांत तुमच्याच डोळ्यांना दिसेल की आकडे लाल गोलाच्या आधी चढतात आणि नंतर उतरतात. तसे उतरत नसतील, एकाच जागी रोज सारखंच दुखत असेल, तर तो वेगळा प्रकार आहे. कधी दुखणं बरगडीच्या सांध्याचं किंवा छातीच्या स्नायूचं असतं. कापसाची ओझी उचलणाऱ्या, दिवसभर वाकून निंदणाऱ्या बायांमध्ये ते पुष्कळ असतं. हे कॅलेंडर फेब्रुवारीत डॉक्टरांसमोर ठेवा. तोंडी सांगण्यापेक्षा ते शंभर पटीने बोलकं असतं.

दुसरं म्हणजे आधार. हे लिहायला संकोच वाटतो, पण याने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याच पुडीने पडत नाही. आपल्याकडे वावरात जाणाऱ्या कितीतरी बाया एक तर घट्ट हुकाच्या पोलक्यावरच भागवतात, नाही तर बाजारातून अंदाजाने उचललेली, वर्षभर वापरून ढिली झालेली ब्रेसियर घालतात. जड झालेल्या स्तनाला खालून आधार मिळाला नाही की दिवसभराच्या हिंदकळण्याने आतल्या ऊतकावर ताण येतो. मापाच्या टेपने स्तनाच्या खाली आणि मग सगळ्यात उंच भागावर, अशी दोन मापं घ्या आणि त्यावरून सुती, रुंद पट्ट्यांची घ्या. तार नको. त्या आठवड्यात रात्रीही सैलशी घालून झोपा. आणि धुतल्यावर साडीखाली दडवून सावलीत वाळवू नका, उन्हात टाका; ओलसर कापडाने खाली खाज आणि चट्टे येतात.

तिसरं तर आपल्या घरचंच आहे. जवस. विदर्भात ज्याच्या घरी जवसाची चटणी नाही असं घर शोधावं लागेल. पाळीच्या आधीच्या स्तनांच्या दुखण्यावर ज्या थोड्या घरगुती वस्तूंचे अभ्यास झाले आहेत, त्यांत जवस आहे, आणि रोज साधारण २५ ग्रॅम जवस खाणाऱ्या बायांना दोन-तीन महिन्यांत दुखणं कमी झाल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे. २५ ग्रॅम म्हणजे पोह्याच्या चमच्याने तीन-चार चमचे पूड. अख्खा दाणा पचत नाही, तसाच बाहेर पडतो, म्हणून हलका भाजून कुटायचा. एकदम किलोभर कुटून ठेवू नका, खवट होतो, आठवड्यापुरता कुटा. एका चमच्यापासून सुरुवात करा आणि पाणी भरपूर प्या. चटणीत तिखट आणि मीठ मात्र बेताचं, नाही तर चार चमचे पोटात जायचे नाहीत.

पाण्यावरून आठवलं. वावरात आडोसा नाही म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही, लघवी दिवसभर दाबून धरायची, शौचाचंही तेच, हे आपल्या बायांचं जिणं आहे. आयुर्वेद वेग धरून ठेवण्याला रोगाचं मोठं कारण मानतो आणि पाळीच्या सगळ्या तक्रारी अपान वायूच्या, म्हणजे मल, मूत्र आणि पाळी खाली बाहेर टाकणाऱ्या वायूच्या, बिघाडाशी जोडतो. स्तनाचं दुखणं यामुळेच होतं असं मी म्हणणार नाही. पण बद्धकोष्ठ मोडला, जेवण हलकं झालं, रात्री पिठलं-भात उशिरा खाऊन लगेच आडवं होणं थांबलं की पाळीआधीचा फुगारा आणि चिडचिड कमी झालेली मी पुष्कळ जणींमध्ये पाहते. त्या आठवड्यात खारवलेलं लोणचं, पापड, बाजारची शेव कमी करा. वावरातला दिवसभराचा काळा चहा दोन कपांवर आणून पाहा. चहाचा पुरावा पक्का नाही, पण पाहायला पैसे लागत नाहीत.

ठणका जास्त असेल तेव्हा कोमट तिळाच्या तेलाचा हलका हात फिरवा आणि वरून कोमट कापडाचा शेक द्या. गाठ चोळायची नाही, दाबायची नाही, ‘जिरवायची’ नाही. लाली किंवा ताप असेल तर शेक नको, दवाखाना. याने भागलं नाही तर डायक्लोफिनॅकचं मलम दुखऱ्या जागी पातळ लावता येतं, दिवसातून दोन-तीनदा. अगदीच हात उचलवत नसेल त्या दिवशी पॅरासिटामॉलची गोळी. मी वैद्य असूनही हे सांगते, कारण दुखणं सहन करत राहण्यात कसलंही पुण्य नाही.

तुम्ही पाळणा लांबवण्यासाठी काही घेता का, हे पत्रात नाही. माला-एन गोळ्या किंवा अंतरा इंजेक्शन चालू असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा, संप्रेरकांच्या साधनांनी काहींचं दुखणं वाढतं. उलट आशाताईंकडे मोफत मिळणारी ‘छाया’ ही गोळी लखनऊच्या सेंट्रल ड्रग रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली, संप्रेरक नसलेली गर्भनिरोधक गोळी आहे, आणि आपल्या देशातले शल्यचिकित्सक ती स्तनाच्या चक्रीय दुखण्यासाठी वापरतात. तिने पाळी लांबू शकते, आणि बाळ हवं असेल तर ती चालणार नाही. म्हणून स्वतःहून घेऊ नका. पण फार त्रास असणाऱ्या, सध्या मूल नको असलेल्या बहिणींनी डॉक्टरांना तिच्याबद्दल जरूर विचारावं.

हे उत्तर इतर जणीही वाचतील, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. चाळिशीच्या पुढे नवी गाठ लागली असेल तर यातला धीर तुमच्यासाठी नाही. तिथे थांबून पाहणं नाही, मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) आणि सुई लगेच. वय कोणतंही असो, गाठ कडक आणि एका जागी रुतलेली वाटणं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी खड्ड्याखड्ड्यांची होणं, स्तनाचं बोंड नव्याने आत ओढलं जाणं, एका बाजूने रक्ताळ स्राव, काखेत गाठ, बोंडावर न भरणारा चट्टा, किंवा गाठ आठवड्यागणिक वाढणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. अंगावर पाजणाऱ्या बाईला ताप येऊन स्तन लाल झाला तर पाजणं बंद न करता त्याच दिवशी दाखवा.

आणि लग्नाच्या मुलींच्या आयांनो, गाठ लपवू नका. ‘सोयरीक मोडेल’ म्हणून अठरा-वीस वर्षांच्या पोरीचा रिपोर्ट पेटीच्या तळाशी गेलेला मी पाहिला आहे. या वयातली गाठ बहुतेक साधीच निघते, पण ती साधी आहे हे ठरवायला तपासणीच लागते. काढावी लागली तरी छोटी शस्त्रक्रिया असते आणि पुढे बाळाला पाजता येतं.

पुरुष डॉक्टरांकडून तपासून घ्यायची लाज वाटत असेल तर नर्सताईंना सोबत उभं राहायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. तीस वर्षांपुढच्या बायांची स्तनतपासणी आता गावच्या उपकेंद्रात, आयुष्मान आरोग्य मंदिरात होते. तुमच्या जाऊबाई तिशीपुढच्या असतील तर त्यांनाही घेऊन जा. या हाताच्या तपासणीला कमी लेखू नका. टाटा मेमोरियल रुग्णालयाने मुंबईत १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास केला. त्यांतल्या एका गटाची शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी केली. २०२१ साली निकाल आले: त्या गटात रोग लवकरच्या पायरीवर सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी होते.

ताई, आता तुमच्या फेब्रुवारीचं. तेव्हा शेवटची वेचणी चालू असेल, किलोवर मिळणारी मजुरी बुडेल, हे मला कळतं. तरी तारीख आजच ठरवा, शक्यतो पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आतली, तेव्हा छाती मऊ असते आणि तपासणी नीट होते. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांचे नियम वेगळे. यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगीचं रुग्णालय, जे जवळ पडेल तिथे सुईची सोय आहे. मोठा खर्च निघाला तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र तिथेच बसतात, त्यांना विचारा. आधीची फिल्म आणि रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्या, आणि नवं माप जुन्याशी ताडून सांगा म्हणावं. गाठ तीन सेंटिमीटरच्या पुढे गेली, भराभर वाढली किंवा तुमच्या जिवाला घोर लावून राहिली, तर काढून टाकणं हाही चांगला मार्ग आहे. आयुर्वेदाचाच सल्ला हवा असेल तर नागपूरच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जा. तिथे नोंदणी असलेले वैद्य असतात आणि रिपोर्ट पाहून औषध देतात.

नवऱ्याला सांगितलंत का, ते पत्रात नाही. सांगा. रिपोर्ट त्यांच्या हातात द्या, फेब्रुवारीला सोबत न्या. गल्लीतून ऐकण्यापेक्षा डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं घरात टिकतं.

राहिलं सासूबाईंचं बोलणं. ही गाठ असताना दिवस राहू शकतात, बाळंतपण नीट होऊ शकतं आणि त्याच स्तनाने पाजताही येतं. फक्त गरोदरपणात संप्रेरकं वाढतात तशी ही गाठ कधी कधी मोठी होते, आणि त्या काळात निर्णय घेणं अवघड जातं. म्हणून फेब्रुवारीची सोनोग्राफी आधी होऊ द्या, लागलीच तर सुई होऊ द्या, आणि मग बाळाचा विचार करा. चार-पाच महिन्यांनी काही अडत नाही, हे सासूबाईंना माझं नाव घेऊन सांगितलं तरी चालेल. त्याआधीच पाळी चुकली तर घाबरू नका. पुड्या, गुग्गुळ आणि डायक्लोफिनॅकचं मलम त्या दिवसापासून बंद, जवस भाजीपुरता, आणि गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीला गाठीचा रिपोर्ट सोबत घेऊन जा.